खुब्याचा गोळा पिवळ्या पिशवीतच का जावा?

वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरून पडतं आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडतं, हे आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी घडलेलं आहे. हाडाचा वरचा गोळा जागेवरून सुटला असेल, तर या वयात तो जोडून फारसा उपयोग होत नाही. सर्जन तो काढून टाकतात आणि त्याजागी धातूचा बसवतात. काही दिवसांत माणूस वॉकर धरून चालायला लागतं. घरचे शुक्र अदा करतात, भेटायला येणाऱ्यांना चहा होतो. काढलेल्या गोळ्याचं पुढे काय झालं हे मात्र कुणी विचारत नाही.

तो मोठ्या लिंबाएवढा असतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो पिवळ्या पिशवीत जातो. मानवी शरीराचे काढून टाकलेले भाग याच पिशवीत भरतात. ती पिशवी भट्टीत जाते आणि गोळ्याची राख होते.

तोच गोळा स्वच्छ करून, तपासून, निर्जंतुक करून दुसऱ्या कुणाच्या तरी पोकळ झालेल्या हाडात भरता येतो. हे तंत्र आपल्यापासून लोकलच्या अंतरावर, मुंबईत परळला, १९८८ पासून वापरात आहे. माझं म्हणणं साधं आहे. अवयवदान, मृत्यू, मय्यतीचा सन्मान यावर आपल्या समाजात चाललेला वाद चालू द्या, तो गंभीर आहे आणि एका लेखाने सुटणारा नाही. पण जिवंत माणसाच्या अंगातून उपचारासाठी आधीच काढलेलं हाड जाळायचं की कुणाला द्यायचं, हा प्रश्न त्या वादात अडकवून ठेवायचं कारण नाही. तो आजच सोडवता येतो.

मी डॉक्टर नाही, आलिमही नाही. दिवसभर संगणकापुढे बसून कोड लिहिणारा माणूस आहे. एखादी व्यवस्था चालत नसेल तर नेमकी कुठल्या पायरीवर अडते ते शोधायची सवय कामामुळे लागली आहे. इथे ती कुठे अडते ते पाहू लागलो आणि इतिहासात बराच मागे गेलो.

१६६८ मध्ये योब फान मेकरेन नावाच्या डच शल्यवैद्याने एक हकिगत नोंदवली. एका रशियन सैनिकाच्या कवटीवर तलवारीचा वार बसला होता. हाडाचा तुकडा गेला होता. उपचार करणाऱ्याने कुत्र्याच्या कवटीचा तुकडा तिथे बसवला आणि जखम भरली. चर्चला हे कळल्यावर त्याने सैनिकाला बहिष्कृत केलं. माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड, हे कसं चालेल! सैनिक परत आला आणि म्हणाला, काढा ते. पण तोवर हाड इतकं जुळून आलं होतं की काढता येईना. गोष्ट किती खरी, किती तिखटमीठ लावलेली, हा भाग सोडून द्या. हाडरोपणाच्या इतिहासात सगळे हीच पहिली नोंद म्हणून सांगतात, आणि पहिल्याच नोंदीत धर्माचा प्रश्न आहे.

आता याच्या सुमारे चारशे वर्षं आधी जाऊ. तेराव्या शतकात सीरियात इमाम नववी होऊन गेले. कोकणी मुसलमान शाफई आहेत, पालघरच्या किनारपट्टीवरचेही, त्यामुळे मदरशात शिकलेल्यांच्या कानावर हे नाव असतं. नववींनी नमाजच्या प्रकरणात हाच प्रश्न घेतला आहे. एखाद्याने मोडलेलं हाड नापाक हाडाने जोडून घेतलं, तर त्याची नमाज होते का? त्यांच्या उत्तराचा सारांश असा: पाक वस्तू मिळतच नव्हती म्हणून तसं केलं असेल तर तो माफ आहे. मिळत असूनही केलं असेल तर काढावं, पण काढण्याने शरीराला इजा होण्याची भीती असेल तर काढण्याची सक्ती नाही. चर्चने त्या सैनिकाला जी सवलत दिली नाही, ती आपल्या किताबात आधीच लिहिलेली होती.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. ‘सुश्रुताने आधी केलं की इब्न सीनाने’ या व्हॉट्सॲपवरच्या कुस्तीत मला रस नाही. सांगायचं इतकंच की दुसऱ्याचं हाड अंगात घेण्याचा प्रश्न आपल्या फकीहांना नवा नव्हता आणि तो विचारायला ते लाजत नव्हते. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा या सहाबींची हदीस तर प्रसिद्धच आहे. चांदीचं नाक बसवलं, ते सडू लागलं, तेव्हा पुरुषांना एरवी मनाई असलेलं सोनं वापरण्याची परवानगी पैगंबरांनी त्यांना दिली.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे फान मेकरेनच्याच काळात, औरंगजेबाच्या दरबारी आश्रयाने ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी ग्रंथ तयार झाला. त्यात इमाम मुहम्मद यांच्या हवाल्याने म्हटलं आहे की बकरी, गाय, उंट, घोडा अशा प्राण्यांच्या हाडाने इलाज करायला हरकत नाही. अपवाद दोन: डुकराचं हाड आणि माणसाचं हाड. डुक्कर का, ते सांगायला नको. माणूस का? तर माणूस मुकर्रम आहे, सन्मानित आहे, त्याचं शरीर वापरायची वस्तू नाही. मेलेल्याचं हाड मोडणं जिवंताचं हाड मोडण्यासारखं आहे, या अर्थाची हदीसही इथे पुढे केली जाते. पुढच्या काळातला विरोध, पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यापर्यंतचा, मुख्यतः याच पायावर उभा आहे.

हा पाया हलका नाही. गरिबाच्या शरीराचा बाजार मांडला जातो हे मुंबईतल्या मूत्रपिंडाच्या प्रकरणांनी आपल्याला दाखवलेलं आहे. युरोपात संत कॉस्मस आणि डेमियन यांची एक जुनी दंतकथा आहे. त्यांनी एका भक्ताचा सडलेला पाय कापून त्याजागी नुकत्याच दफन झालेल्या मृत माणसाचा पाय जोडला. अनेक चित्रकारांनी हा चमत्कार रंगवला आहे. कथेतला तो मृत माणूस काळा आहे, काही कथनांत मूर आहे. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना कुणी विचारल्याचं कथेत येत नाही. तेव्हा ‘माणसाच्या शरीराला हात लावण्यापूर्वी थांबा’ असं सांगणाऱ्या फकीहांना मागासलेले म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. थांबायला सांगणारं कुणीतरी हवंच.

पण ग्लासगोमध्ये काय झालं ते पाहा. १८८० च्या सुमाराला विल्यम मॅकएवन या सर्जनकडे एक लहान मुलगा होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचं हाड बरंचसं नष्ट झालं होतं, हात लुळा लोंबत होता. त्याच रुग्णालयात मुडदूस झालेली मुलं येत. त्यांच्या वाकलेल्या पायांतून हाडाची पाचर कापून पाय सरळ करावे लागत. कापलेल्या पाचरी फेकून द्यायच्या. मॅकएवनने त्या फेकल्या नाहीत, त्या मुलाच्या दंडात एकापुढे एक बसवल्या. हाड जुळलं आणि हात कामाचा झाला. माणसाचं हाड माणसाला लावून यश आल्याची ही पहिली नीट नोंदलेली घटना. तिच्यात कबर उघडलेली नाही, मृतदेह नाही, विक्री नाही. ज्या मुलांचं हाड गेलं त्यांचे पाय त्यामुळेच सरळ झाले होते.

जर्मनीत एरिक लेक्सर यांनी १९०८ च्या सुमारास आणखी मोठी उडी मारली. अख्खा गुडघाच बदलायचा, हाड आणि त्यावरच्या कूर्चेसकट. त्यांनाही हे सांधे मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी नुकत्याच कापाव्या लागलेल्या पायांतून मिळाले. साधारण निम्मे टिकले, निम्मे ढासळले. प्रतिजैविकं नसलेल्या काळात निम्मे टिकले हेच मला नवल वाटतं. पुढे १९४२ मध्ये हवानाच्या आल्बेर्तो इन्क्लान यांनी शीतकपाटात हाड साठवून वापरण्याची पद्धत मांडली आणि १९४९ मध्ये अमेरिकी नौदलाने बेथेस्डाला ऊतीपेढी उभी केली. हाड साठवता येतं म्हटल्यावर घेणारा आणि देणारा एकाच दिवशी एकाच इमारतीत असण्याची गरज संपली.

साठवता का येतं, हे समजून घेण्यासारखं आहे. डहाणू-घोलवडला चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात तेव्हा दोन्ही भाग जिवंत असावे लागतात. हाडाच्या कलमाचं तसं नाही. साठवलेल्या हाडातल्या पेशी मेलेल्या असतात आणि तरी चालतं, कारण ते फक्त पराती असते. घेणाऱ्याच्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात. एका जातीच्या पेशी जुनं हाड खात पुढे सरकतात, दुसऱ्या जातीच्या मागून नवं हाड बांधत येतात. बांधकाम पुढे जातं तशी परात उतरवली जाते. महिने लागतात, मोठ्या तुकड्याला वर्षं लागतात, आणि मोठ्या तुकड्याचा आतला भाग कधीच पुरता बदलत नाही. पण भुग्याच्या किंवा बारीक तुकड्यांच्या स्वरूपात भरलेलं हाड हळूहळू घेणाऱ्याचंच होऊन जातं. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी त्याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड उगवू लागतं, म्हणजे हाडाच्या सांगाड्यातच ‘इथे हाड बांधा’ असा निरोप असतो. ‘दुसऱ्याचं हाड अंगात घेऊन उद्या मी कुणाच्या हाडासकट उठेन?’ असं मला एका काकांनी मशिदीबाहेर अगदी मनापासून विचारलं होतं. त्याचं दीनी उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. शरीरशास्त्राचं उत्तर असं की वर्षा-दोन वर्षांनी त्यातलं बरंचसं तुमचंच असेल.

कूर्चेची गोष्ट वेगळी आहे. गुडघ्याची गादी झिजली असं आपण म्हणतो ती ही कूर्चा: हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत पांढरा थर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणून ती बिघडली तर बरी होत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ मध्येच लिहून ठेवलं. साठवलेल्या हाडात पेशी मेल्या तरी चालतं, कूर्चा मात्र जिवंतच लावावी लागते. टोरँटोला ॲलन ग्रॉस यांनी १९७२ पासून मृत दात्यांची ताजी कूर्चा, खालच्या हाडाच्या चकतीसकट, अपघातात गुडघा बिघडलेल्या तरुणांना बसवायला सुरुवात केली. ती गोठवायची नाही, थंड ठेवायची आणि काही आठवड्यांत वापरायची. स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि पेटरसन यांनी १९९४ मध्ये दुसरा मार्ग प्रसिद्ध केला: रुग्णाच्याच कूर्चेचा कण काढायचा, प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या, परत घालायच्या. भारतात अशा उपचाराला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली, पण तो सर्वसामान्यांच्या खिशाच्या पलीकडे आहे. म्हणजे कूर्चेसाठी एक तर पैसा हवा किंवा मृत्यूनंतर काही तासांत निर्णय घेणारं कुटुंब हवं. आपल्या समाजात आज दोन्ही दुर्मीळ. म्हणून मी कूर्चा बाजूला ठेवतो आणि हाडाकडे परत येतो.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी अनेक वर्षं ती चालवली. तिथे मुख्यतः दोन गोष्टींवर काम होतं: शस्त्रक्रियेत काढलेली हाडं, त्यातही खुब्याचे गोळे, आणि बाळंतपणानंतर वारेसोबत टाकून दिलं जाणारं गर्भावरण. या पातळ पडद्याचा भाजलेल्या जखमांवर आवरण म्हणून उपयोग होतो. हाडातली चरबी, रक्त, मगज धुऊन काढतात, ते गोठवून सुकवतात, आवरणात आवरण असं सीलबंद करतात. शेवटी गॅमा किरणांचा मारा. त्यासाठी १९७४ पासून ट्रॉम्बेला चालू असलेल्या ‘आयसोमेड’ केंद्राचा आधार मिळाला.

किरण म्हटलं की आपल्या भागात माणूस बिचकतो, आणि त्याला कारण आहे. बोईसर-तारापूरची पिढी १९६९ पासून अणुशक्ती केंद्राच्या कुंपणाशेजारी वाढली. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनाची तक्रार कोर्टापर्यंत गेली. ‘रेडिएशनवालं हाड’ असं कुणी म्हटलं तर आमच्याकडे आधी भुवया वर जातील. म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयसोमेडसारख्या केंद्रात कोबाल्ट-६० वापरतात. तो रावतभाटासारख्या ठिकाणच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत साधा कोबाल्ट ठेवून तयार होतो. त्यातून निघणारे गॅमा किरण पाकिटातून आरपार जाताना जंतूंचे जनुकीय धागे तोडतात, पण पाकिटातलं हाड किरणोत्सारी होत नाही, जसं क्ष-किरण काढल्याने आपण होत नाही. यासाठीची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे, म्हणजे २५,००० ग्रे. अंगभर चार-पाच ग्रे एकदम बसले तर उपचाराशिवाय माणूस वाचणं कठीण. यावरून जंतूंची काय अवस्था होत असेल ते लक्षात येईल. किंमत एकच: फार मात्रेने हाड थोडं ठिसूळ होतं, म्हणून ते वजन पेलायच्या जागी एकटं वापरत नाहीत, पोकळी भरायला वापरतात.

सुकवलेलं असल्यामुळे हे पाकीट साध्या कपाटात राहू शकतं. जिथे वीज दिवसातून तीनदा जाते तिथल्या लहान रुग्णालयाच्या दृष्टीने ही बारीकशी बाब फार मोठी आहे.

टाटातच याचं आणखी एक रूप आहे. हाडाचा कर्करोग, विशेषतः युईंग सार्कोमा, मुलांना आणि तरुणांना गाठतो. डॉ. अजय पुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडक रुग्णांमध्ये गाठीसकट हाडाचा तुकडा शरीराबाहेर काढून, त्यावर ५० ग्रेचा मारा करून, तोच तुकडा पुन्हा जागेवर बसवला आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या पेशी मरतात, हाडाचा आकार राहतो, पाय वाचतो. स्वतःचंच हाड, त्यामुळे फिक्हचा प्रश्नही उरत नाही.

हे सगळं कुणाच्या उपयोगाचं? आमच्या भागात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. एमआयडीसीत यंत्रात सापडलेला हात, महामार्गावर मनोरजवळ दुचाकीवरून उडालेला पोरगा, डहाणू लोकलच्या दारातून पडलेला कामगार. हाडाचा चुरा झाला की मधली जागा भरायला काहीतरी लागतं. नेहमी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेतात आणि ते उत्तमच असतं, पण तिथे साठा मर्यादित, आणि दुसरी जखम, दुसरं दुखणं. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी चाळिशीच्या आतल्या रुग्णांत खुब्याचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी मरत असल्याची नोंद केली, स्टेरॉइडच्या उपचारानंतर. अशा तरुणाला धातूचा खुबा बसवला तर तो आयुष्यभर पुरेल याची खात्री नाही. दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना सैल झालेल्या खुब्याभोवती हाड झिजून पोकळी झालेली असते, आणि ती भरायला सर्जन कुटलेलं हाड वापरतात. म्हणजे कुणाच्या तरी आजीच्या खुब्याचा गोळा. सरकारने २०१७ मध्ये गुडघ्याच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली, त्याचा गरिबांना फायदा झाला. पण हाडासाठी कुठला दर ठरवणार? ते कारखान्यात बनत नाही, कुणीतरी दिलं तरच असतं.

आता पुन्हा फिक्हकडे. फेब्रुवारी १९८८ मध्ये, परळची पेढी सुरू झाली त्याच वर्षी, जेद्दाह इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीचं चौथं अधिवेशन झालं. अवयवरोपणावरच्या त्याच्या २६ व्या ठरावाची चर्चा होते ती मृत दात्याबद्दलच्या कलमाची. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच कलम. आजारामुळे शरीरातून काढून टाकाव्या लागलेल्या अवयवाचा भाग दुसऱ्या माणसासाठी वापरणं जायज आहे, असं त्यात स्वतंत्रपणे म्हटलं आहे. उदाहरण डोळ्याचं आहे: रोगामुळे डोळा काढावा लागला तर त्याचं बुबुळावरचं पारदर्शक पटल दुसऱ्याला देता येतं. खुब्याचा गोळा या चौकटीत नेमका बसतो, असं मला वाचताना वाटलं. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, भारतातल्या इस्लामिक फिक्ह अकादमीने अधिक सावध भूमिका घेतली. जवळच्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी मूत्रपिंड द्यायला मुभा दिली, मृत्यूनंतर अवयव देण्याची वसीयत मात्र ग्राह्य धरली नाही. मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पण मतभेदाचा मोठा भाग मृतदेहाबद्दल आहे.

विरोध करणाऱ्यांना मला एकच गोष्ट विचारायची आहे. कापलेला अवयव अदबीने दफन करावा, वापरू नये, असं तुमचं म्हणणं असेल, तर ते दफन होतंय का? होत नाही. आपल्या आईचं, खालाचं, दादीचं हाड रोज पिवळ्या पिशवीतून भट्टीत जातं आणि जमातीतलं कुणीही त्याबद्दल खुतब्यात बोलत नाही. करामत, सन्मान, ही कसोटी असेल तर जाळणं त्या कसोटीवर उतरतं आणि कुणाचा तरी पाय उभा करणं उतरत नाही, हा हिशेब मला समजावून सांगा. मी तरुणांनाही हेच सांगेन की मौलानांशी वाद घालायला जाऊ नका, हा नेमका प्रश्न घेऊन जा. ‘अवयवदान हलाल की हराम’ असं विचारलं तर तयार उत्तर मिळतं. ‘जाळायचं, पुरायचं की द्यायचं’ असं विचारलं तर समोरच्याला थांबून विचार करावा लागतो. मी आमच्याकडच्या दोन मौलानांना असं विचारलं. एकाने सांगितलं, पुरायला मागून घ्या. दुसऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेबांना एकदा घेऊन या, मला ते हाड बघायचंय.” दुसऱ्यांकडून मला आशा आहे. पहिल्यांचंही म्हणणं सुसंगत आहे, आणि आजच्या सवयीपेक्षा ते कितीतरी बरं.

व्यवस्था अडते ती मात्र फिक्हपाशी नाही. ती अडते सहीच्या कागदापाशी. माझ्या खालाचं खुब्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी एका खासगी रुग्णालयात झालं. कागद आले ते तिच्या मुलापुढे. खाला शुद्धीवर होती, तिची अक्कल आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे, तिने चाळीस वर्षं शिलाईचा हिशेब तोंडी ठेवला. तिला कुणी विचारलं नाही, ना ऑपरेशनबद्दल, ना काढलेल्या हाडाबद्दल. नंतर मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझं होतं ना ते? मग मला विचारायचं होतं. मी दिलं असतं.” कायद्याचं म्हणणं खालासारखंच आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा २०११ मध्ये दुरुस्त झाला आणि हाड, त्वचा, डोळ्याचं पटल अशा ऊतीही त्यात आल्या. ऊतीपेढीला नोंदणी सक्तीची झाली, ऊतींच्या खरेदी-विक्रीवर शिक्षा आली. जिवंत माणूस देणार असेल तर संमती त्या माणसाची. मुलाची नाही, नवऱ्याची नाही, जमातीच्या सदराची तर नाहीच.

आपल्या घरात कुणाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं तर भरती होण्याआधीच सर्जनना विचारा: काढलेला गोळा नोंदणीकृत ऊतीपेढीला देता येईल का? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘आमच्याकडे सोय नाही’ असं येईल. येऊ द्या. पाच घरांतून हाच प्रश्न आला की सोयीचा विचार सुरू होतो, रुग्णालयंही शेवटी गिऱ्हाईक बघून चालतात. द्यायचं ठरलं तर दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यासाठी तपासणी होते. संसर्ग किंवा कर्करोग असेल तर हाड घेत नाहीत. दानाचा कागद ऑपरेशनच्या संमतीपत्रापासून वेगळा मागा, मराठीत किंवा उर्दूत मागा, आणि दात्याचं बिल दानामुळे एक रुपयाने वाढणार नाही हे विचारून घ्या. देणारी बाई असेल तर तिच्याशी तिच्या मुलाला बाहेर बसवून बोला. संशय आला तर देऊ नका. मॅकएवनने त्या मुडदुशी मुलांच्या आयांना विचारलं होतं का, मला कुठे सापडलं नाही. आपण विचारलं पाहिजे.

बाळंतपणाचंही तसंच. वार आणि त्यासोबतचं आवरण तर प्रत्येक जन्माला निघतं, वयाची, मोडण्याची वाटही बघावी लागत नाही. तारापूरच्या रसायन कारखान्यांत स्फोट झाला की भाजलेले कामगार रुग्णवाहिकेतून कुठे नेतात ते बोईसरकरांना ठाऊक आहे. त्यांच्या जखमेवर घालायचा तो पडदा कुठल्या तरी बाळंतिणीने दिलेला असतो. आमच्या ओळखीतल्या दोघी पुढच्या दोन महिन्यांत बाळंत होणार आहेत. एकीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, चौकशी करून सांगते. दुसरीच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, वार पुरायची असते. वार पुरा, वरचा पडदा द्या, असा तोडगा सुनेने काढलाय आणि घरात सध्या त्यावर बोलणी चालू आहेत.